‘नाही’ म्हणायला कालिम्पोंगला

शेलूबाजारला जीपमध्ये बसले तेव्हा प्रणालीचे बाबा खिडकीशी आले. दुसरं कोणी असतं तर सांभाळून जा, पाणी बाटलीतलंच पी, असं काही म्हणालं असतं. हे म्हणाले, “चांगल्या शब्दात नाही म्हनाचं आन् वापस याचं. तिथं बसून भांडन नोको करू.”

तर अशी मी प्रवासाला निघाले. मी परत आल्यापासून आमच्या बचत गटातल्या बाया मागे लागल्या आहेत की काय पाहिलं ते लिहून काढ. म्हणून हे लिहिते आहे. पण डोंगर आणि बर्फ एवढंच वाचायचं असेल तर मोबाईलवर भरपूर फोटो आहेत. मी गेले होते एका घराला नकार द्यायला.

प्रणाली आमची एकुलती एक लेक. पुण्याला दवाखान्यात नर्स आहे. तिथंच रोशन नावाचा मुलगा एक्स-रे काढतो. दोघांना लग्न करायचं आहे. मुलगा कालिम्पोंगचा, जातीनं राई, घरी नेपाळी बोलतात. कालिम्पोंग कुठं आहे हे आम्ही नकाशात शोधलं. बोट सरकवत गेलो, बंगाल संपत आला तरी गाव येईना. शेवटी सापडलं तर वर सिक्कीम, उजव्या हाताला भूतान आणि पुढं डोंगरापलीकडे चीन. हे चष्मा काढून म्हणाले, “हा तर देशाच्या धुऱ्यावरचा पोरगा हाय.” धुरा म्हणजे शेताची हद्द. आमच्याकडे भांडणं होतात ती धुऱ्यावरच.

लोक काय म्हणतील, ते काय खातात, लेक आजारी पडली तर कोण जाईल, सगळं बोलून झालं. प्रणाली फोनवर एवढंच म्हणाली, “आई, नाही म्हणायचं तर घर पाहून म्हण.” हे मला लागलं. न पाहता नाही म्हणणं मलाही बरं दिसेना. ह्यांची हरभऱ्याची पेरणी अडकलेली. मग माझ्यासोबत आली रुखसानाबी. स्टँडजवळ तिचं शिवणकामाचं दुकान आहे, प्रणाली लहानपणी तिच्याच मशीनखाली चिंध्या वेचत खेळायची. रुखसानाबीची हिंदी पक्की. माझी हिंदी म्हणजे वऱ्हाडीला ‘है’ लावायचं.

तीस्ताच्या काठानं

अकोल्याहून गाडी, मग दुसरी गाडी, ते सगळं सोडून देते. सिलीगुडीला उतरलो तेव्हा रोशनचे वडील स्वतःची जीप घेऊन उभे होते. तोच त्यांचा धंदा, सिलीगुडी ते कालिम्पोंग सवारी. बुटका, गोरा माणूस, बोलणं अगदी थोडं. आमच्या पिशव्या आमच्या हातातून घेतल्या आणि दार उघडून धरलं. माझ्याकडची पिशवी जड होती, घरची तूरडाळ आणि तिखट. नकार द्यायला जायचं झालं तरी रिकाम्या हातानं कसं जायचं?

रस्ता तीस्ता नदीच्या काठानं चढत जातो. नदीचं पाणी हिरवं, नव्या काचेच्या बांगडीसारखं. आमची अडाण नदी उन्हाळ्यात डबक्या-डबक्यांनी जगते, म्हणून मी त्या पाण्याकडे नुसती पाहत बसले. रुखसानाबी मात्र वळणांनी पिवळी पडली. रोशनच्या वडिलांनी न सांगता जीप थांबवली, खिशातून आल्याचा तुकडा काढून तिला दिला, आणि ती बरी होईपर्यंत पाठ फिरवून नदी बघत उभे राहिले. पाठ फिरवायचं सुचायला हवं ना माणसाला. ते मला आवडलं. पण मी मनाला बजावलं की सुनंदा, तू आवडून घ्यायला आलेली नाहीस.

नवं पातेलं

घर रस्त्याच्या खाली. पायऱ्या उतरत जायचं. लाकडी भिंती, पत्र्याचं छप्पर, आणि जिथं जागा मिळेल तिथं फुलं. तेलाच्या डब्यात, फुटक्या बादलीत, जुन्या प्रेशर कुकरमध्येसुद्धा. तिथं घरोघरी हेच आहे. आमच्याकडे दारात तुळस असते आणि बाकीच्या जागेत मोटारसायकल.

रोशनची आई दिलमाया. माझ्याच वयाची, पण पायऱ्या अशा चढायची की मी बघूनच दमायचे. शनिवारच्या हाटात ती भाजी आणि घरचं काहीबाही विकते. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि थेट रुखसानाबीला स्वयंपाकघरात नेलं. एक नवंकोरं पातेलं दाखवलं. त्याच्यावरचं दुकानाचं स्टिकरसुद्धा अजून निघालेलं नव्हतं.

“ये आपके लिए,” ती म्हणाली. “हमारे घर में सूअर का मांस पकता है ना. तो आपका बर्तन अलग. मांस भी मस्जिद के पास वाले दुकान से लाया.”

रुखसानाबीनं पातेलं दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. आमच्या तालुक्यात तिच्या दुकानात निम्म्या गावाचे ब्लाउज शिवले जातात, पण स्टिकर लावलेलं पातेलं आजवर कोणी तिच्यासाठी आणलं नव्हतं. माझ्यासाठी वरणभात होता. फोनवर विचारून केलेला, वरणाला फोडणी जरा वेगळी. असं वरण जेवून झाल्यावर नाही कसं म्हणायचं? उद्या म्हणू, असं ठरवलं.

जेवताना ताटात लाल गोल मिरच्या आल्या, बोराएवढ्या. डल्ले म्हणतात त्यांना. रुखसानाबीनं ऐटीत एक अख्खी तोंडात टाकली. “आमी वऱ्हाडातले हाओ,” असंही म्हणाली. पुढं बराच वेळ ती फक्त डोळे पुसत होती. रोशनच्या वडिलांनी तिच्यापुढं दह्याची वाटी सरकवली. गालातल्या गालात हसत होते ते.

सगळ्यांचं गाव

दुसऱ्या दिवशी गाव पाहिलं. गाव म्हणजे डोंगराच्या पाठीवर पसरलेला एक लांब बाजार. सकाळी उठले तर समोर कांचनजंगा. मी दात घासत होते, तशीच उभी राहिले, तोंडात पेस्ट ठेवून. एवढं पांढरं काही आकाशात असू शकतं हे मला माहीत नव्हतं.

पूर्वी तिबेटातून खेचरांवर लादून लोकर इथं यायची. मग सीमा बंद झाली, व्यापार संपला, पण त्या व्यापारापायी आलेली माणसं इथंच राहिली. मारवाडी राहिले, बिहारी राहिले, तिबेटी राहिले. लेपचा आधीपासूनचे. नेपाळी बोलणाऱ्यांत तर राई, लिंबू, तमांग अशा किती जमाती. चर्चचं टोक, मशिदीचा मनोरा, मठाचे रंगीत झेंडे आणि मारवाड्यांचं मंदिर, एका रस्त्यानं चालत गेलं की सगळं येतं. आमच्या मंगरूळपीरलाही दर्ग्यावर सगळे जातात, शिरपूरला जैनांच्या देवळाबाहेर नारळ विकणारे सगळ्या जातीचे असतात. पण इथं एका घरातच सगळे. दिलमायाची सासू लेपचा होती. एक जाऊ तमांग, ती मठात जाते, आणि दिलमाया स्वतः रविवारी कधीमधी चर्चमध्ये बसून येते, गाणी चांगली असतात म्हणून. दसऱ्याला सगळे मिळून कपाळावर तांदळाचा टिळा लावतात. मी विचारलं, भांडणं होत नाहीत का. ती म्हणाली, “होता है. पानी के लिए.” पाण्याची टंचाई तिथंही आहे, हे ऐकून मला उगाच घरच्यासारखं वाटलं.

मशिदीजवळ एक म्हातारा तिबेटी बसला होता. चेहऱ्यावर सुरकुत्या, डोळे बारीक, डोक्यावर गोल टोपी. रुखसानाबीला बघून त्यानं सलाम केला आणि साफ उर्दूत विचारलं की बेटी, कुठून आलीस. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सगळे मुसलमानच, आजोबा ल्हासाहून आलेले. रुखसानाबी त्याच्याजवळ पायरीवरच बसली. उठली तेव्हा मला म्हणाली, “ताई, मले वाटे मी लय दूर आली. इथं तं माह्या चाच्यासारखा मानूस बसून हाय.”

बाजारात तिबेटी बाया पोवळ्यांच्या माळा घालून फिरत होत्या. पोहरादेवीच्या यात्रेत आपल्या बंजारा बाया चांदी आणि आरसे लेवून कशा ऐटीत चालतात, अगदी तशीच चाल. मी दोन-तीनदा मागं वळून पाहिलं.

“मंग?” परत येताना रुखसानाबीनं विचारलं. “कवा सांगून राह्यल्या त्याईले?”

“उद्या,” मी म्हणाले.

पोत्याखालचं

त्या उद्याच्या दिवशी जे झालं ते सांगायला अजून कसंतरी वाटतं.

पायऱ्यांनी माझे गुडघे धरले होते, म्हणून मी घरी राहिले. रुखसानाबी रोशनच्या वडिलांबरोबर लोकर बघायला गेली. दिलमाया वर रस्त्यावर पाण्याच्या टँकरला. मी एकटी. नुसतं बसवेना, म्हणून म्हटलं चुलीसाठी दोन लाकडं आणून ठेवावी. घरामागं लाकडांचा ढीग होता. त्याच्याजवळ गेले तर वास आला. उग्र, नाकात चढणारा. हा वास मी ओळखते. काढणीच्या वेळी पाऊस आला आणि सोयाबीन भिजलं, की गंजीतून असाच काहीसा वास सुटतो.

लाकडांच्या मागं कोपऱ्यात एक टोपली होती, वर पोतं पांघरलेलं. पोतं काढलं, खाली कसली तरी पानं, आणि पानांखाली सोयाबीन. भिजलेलं, फुटलेलं, वर पांढरट पडलेलं. मी हात आत घातला. ज्यांच्या घरी सोयाबीन पिकतं त्यांना सांगायला नको. ढिगात हात घालायचा, आतून गरम लागलं तर माल गेला म्हणून समजायचं. हे चांगलंच गरम होतं. हात बाहेर काढला तर चिकट तारा सुटल्या.

बिचारीनं भिजत घातलं असेल, आम्ही पाहुणे आलो आणि ह्या गडबडीत विसरली असेल, असं वाटलं. आमच्यामुळं तिचा माल सडला. मी पदर खोचला. ड्रममधलं पाणी जपून घेतलं, तीन-चारदा चोळून चोळून सगळा चिकटा काढला आणि अंगणात पडलेल्या पत्र्यावर स्वच्छ कापड अंथरून उन्हात पसरलं. वर कावळे येऊ नयेत म्हणून काठी घेऊन बसले. मनात म्हटलं, चला, नाही तर म्हणायचंच आहे, पण निदान एक चांगलं काम करून जाऊ.

दिलमाया पाण्याचे डबे घेऊन उतरली. पत्र्याकडे पाहिलं. डबे खाली ठेवले. जवळ येऊन दोन दाणे उचलले, बोटांनी चोळले, आणि मग पायरीवर बसलीच.

“धो दिया?” तिनं विचारलं.

“हाँ. सड गया था,” मी म्हणाले. “मैंने बचाया.”

तिनं तोंडावर हात घेतला. खांदे हलायला लागले. रडते आहे असं मला वाटलं. मी काठी टाकली.

तेवढ्यात रुखसानाबी आणि रोशनचे वडील आले. त्यांनी टोपली पाहिली, पत्रा पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच असावं, एक लांब वाक्य बोलले. रुखसानाबीनं मला सांगितलं की ते सडलेलं नव्हतं. त्याला किनेमा म्हणतात. सोयाबीन उकडतात, उखळात थोडं कुटतात, चुलीची राख चिमूटभर लावतात, रानातल्या पानांत गुंडाळून ऊब देतात. वास सुटला, तारा आल्या की झालं. भाजी करून भातासोबत खातात. उद्या शनिवार, हा सगळा किनेमा दिलमाया हाटात विकणार होती. गिऱ्हाइकं ठरलेली आहेत.

आणि मी तो चोळून चोळून धुतला होता.

रुखसानाबीनं मला बाजूला घेतलं. “ताई, तोंड काहून एवढं उतरवून राह्यल्या? तुमी तं नाही म्हनाले आल्या होत्या ना. आता तुमाले म्हनाचं कामच नाही पडत. तेच लोकं नाही म्हनतीन.”

ती थट्टा करत होती. पण मला ती थट्टा वाटेना. ह्या घरानं मला नाही म्हटलं तर? स्टिकरचं पातेलं, आल्याचा तुकडा, जुन्या कुकरमधली फुलं, आणि मीच सगळ्यावर पाणी ओतलं. प्रणालीला काय सांगणार मी? की बाई, मी नाही म्हणायच्या आधी तुझ्या सासूच्या मालाची वाट लावली? मला रडू आलं. लपवलं नाही.

दिलमाया उठून आली. ती रडत नव्हतीच, हसू दाबत होती. पण मला रडताना बघून तिचंही हसू गेलं. तिनं माझा ओला हात धरला.

“गलती हमारा है,” ती म्हणाली. “किनेमा चूल्हे के पास रहता है, हमेशा. रोशन फोन किया था, बोला, आमा, उनको बदबू आएगा, बुरा लगेगा, सामने मत रखना. इसलिए हम लकड़ी के पीछे छुपाया. तीन दिन से डर था. हवा इधर चला तो आप लोग नाक पकड़ के भाग जाएगा.”

मी माझ्या मोडक्या हिंदीत तिला सांगितलं. काढणीत पाऊस आला की आम्ही काय करतो ते सांगितलं. ताडपत्री धरून धावतो, अख्खं घर मिळून सोयाबीन पसरतो, हलवतो, हात घालघालून बघतो. माझा हात विचार न करता गेला. दुसऱ्याचं आहे हे लक्षातच आलं नाही.

तिनं विचारलं, “आपका खेत में सोयाबीन होता है?”

“पूरा खेत,” मी म्हणाले. “पूरा जिल्हा.”

“कैसे खाता है?”

“खाते नहीं. बेचते हैं. तेल निकलता है.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग नवऱ्याला नेपाळीत काही म्हणाली आणि दोघं हसायला लागले. एवढं सोयाबीन पिकवणारी आणि त्याचा एक घास न खाणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. आमचं अख्खं वाशीम तिथं उभं राहून ओशाळलं, असं मला वाटलं.

धुतलेल्या सोयाबीनचं अर्धं कोंबड्यांना गेलं, अर्धं कांदा घालून आम्हीच खाल्लं. ना धड हे ना धड ते. पण चौघांनी ताट पुसून खाल्लं. संध्याकाळी तिनं नवं सोयाबीन भिजत घातलं आणि ह्या वेळी मला जवळ बसवून.

हाट

शनिवारी मी आणि रुखसानाबी दिलमायाबरोबर हाटात गेलो. आलं, डल्ले मिरच्या, मोठी वेलची, मुळ्याच्या जुड्या. आमच्या शेलूबाजारच्या बाजारासारखाच गलका, फक्त भाव वेगळ्या सुरात. दिलमायाच्या पुढ्यात मिरच्या होत्या आणि किनेम्याची जागा रिकामी.

पहिली आली एक लेपचा म्हातारी. किनेमा कुठंय, तिनं विचारलं. दिलमायानं माझ्याकडे बोट दाखवून सगळी गोष्ट सांगितली. म्हातारी एवढी हसली की तिला शेजारच्या भाजीवाल्यानं धरलं. त्यानं विचारलं काय झालं, म्हणून मग त्याला हिंदीत सांगितलं. तो बिहारचा, त्यानं पुढच्या तिबेटी बाईला सांगितलं. एक मारवाडी दुकानदार घरी न सांगता किनेमा न्यायचा म्हणे, तोही हळहळला आणि मग हसला. थोड्या वेळानं अख्ख्या हाटात मी ‘धोने वाली’ झाले. एवढ्या जातीधर्माची माणसं एका गोष्टीवर हसली, ती गोष्ट मी होते. राग येण्याऐवजी मला बरं वाटत होतं. आपण ज्या गावात नवे असतो तिथं कोणी आपल्याला असं हसत नाही.

मग एका बाईनं दिलमायाला विचारलं, ही तुझी कोण?

दिलमाया थांबली. तिलाही ठाऊक होतं मी कशासाठी आले आहे ते, आणि चार दिवसांत मी काहीच बोललेले नाही तेही. तिनं मिरच्यांचा ढीग सारखा केला आणि हळूच म्हणाली, “मेहमान.”

रुखसानाबीनं माझ्याकडे पाहिलं. मी मिरच्यांच्या पलीकडे उभी होते. घशाशी आलेलं ‘नाही’ कुठं गेलं ते मला आजही सांगता येणार नाही.

“मेहमान नहीं,” मी म्हणाले. “समधन हूँ.”

माझ्या विहिणीनं वर पाहिलं नाही. तिनं एक मूठ मिरच्या उचलून माझ्या पदरात टाकल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगायला लागली.

किनेमा होईपर्यंत आम्ही थांबलो. पहिला घास मी श्वास धरून गिळला, खोटं कशाला सांगू. मग कळलं की वास नाकापुरता आहे, जिभेला तो खमंग लागतो. रुखसानाबीनं तर पुन्हा वाढून घेतलं.

पळसाची पानं

घरी आले तर प्रणालीचे बाबा ओसरीवर वाट बघत होते. “काय झालं? म्हनली ना नीट?” मी म्हणाले, आधी अंघोळ करू द्या. मग म्हणाले, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी ते वावरात गेले आणि मी घरचं सोयाबीन भिजत घातलं. उकडलं, कुटलं, राख लावली. ती रानपानं इथं कुठली मिळायची, धुऱ्यावरच्या पळसाची पानं आणली. टोपली चुलीजवळ ठेवली, वर पोतं.

तीन रोज मी विषय टाळला आणि ह्यांनीही विचारलं नाही. पण वास कोणाला टाळता येतो? संध्याकाळी हे घरात आले, थांबले, नाक वर केलं आणि सरळ चुलीकडे गेले. पोतं बाजूला केलं. जे मी केलं तेच त्यांनी केलं, हात आत घातला.

“अवो, हे तं तापलं. सडून राह्यलं पुरं,” ते म्हणाले. “थांब, धुऊन पसरवतो.”

“हात नका लावू त्याले,” मी म्हणाले. “जावयाचं हाय ते. वाळवून ठेवाचं, दिवाळीले आला की खाईन तो.”

ते वाकलेलेच राहिले. हात टोपलीतच होता. मी चुलीत लाकूड सारलं आणि त्यांच्याकडे पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी हात बाहेर काढला, बोटांमधल्या तारा निरखल्या, खांद्यावरच्या रुमालाला पुसल्या.

मग खाली बसून त्यांनी पळसाची पानं सारखी केली आणि पोतं पुन्हा नीट पांघरलं.